युरोपचा इतिहास, पियानो आणि इंग्रजी व्याकरण : नोट्स काढायच्या कशा?

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी पुण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नववीत आहे. इतिहासाला फ्रेंच राज्यक्रांती ते जर्मनीचं एकत्रीकरण आहे, शिवाय पियानोची परीक्षा आणि तिची लेखी थिअरी, आणि इंग्रजी व्याकरणात टेन्सेस, ॲक्टिव्ह-पॅसिव्ह, रिपोर्टेड स्पीच. तिन्ही विषयांच्या वह्या भरलेल्या आहेत, रंगीत आणि नीटनेटक्या. तरी पेपर समोर आला की हात थांबतो. तयार नोट्स विकत घ्याव्यात की नव्याने काढाव्यात, आणि काढायच्या तर कशा, असं तिच्या आईने विचारलं आहे.

ताई, मी सदाशिव पेठेत शाळेच्या मुलांना इतिहास आणि इंग्रजी शिकवते, आणि पेटी लहानपणापासून वाजवते, त्यामुळे तिन्ही विषयांवर मनापासून लिहिते.

आधी वह्यांबद्दल. वही सुरेख आहे आणि तरी आठवत नाही, याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. पुस्तक शेजारी उघडं ठेवून नोट्स काढलेल्या असतात. मजकूर डोळ्यांतून हातात उतरतो, मधे डोक्याला थांबावं लागत नाही. नंतर त्यावर हायलायटर फिरतो आणि पान ओळखीचं वाटायला लागतं. ओळखीचं वाटणं आणि आठवणं यांत फार अंतर आहे. पेपरात पान समोर नसतं.

म्हणून पहिला बदल हा करा. दोन-तीन पानं वाचायची, पुस्तक मिटायचं आणि रफ वहीत स्वतःच्या शब्दांत लिहायचं. मराठीत लिहिलं, निम्मं मराठी निम्मं इंग्रजी लिहिलं, तरी चालेल. मग पुस्तक उघडून जे सुटलं, जे चुकलं, तेवढंच लाल पेनने भरायचं. ती लाल अक्षरं म्हणजे तिच्या खऱ्या नोट्स. परीक्षेआधी तेवढीच वाचायची. जे निळ्या शाईत आपोआप आलं ते तिला येतं, त्यावर पुन्हा वेळ घालवायचं कारण नाही. सुरुवातीला लाल अक्षरं निळ्यांपेक्षा जास्त दिसतील आणि ती हिरमुसेल. दिसू द्या.

आता इतिहास. 'राज्यक्रांतीची कारणे लिहा' म्हटलं की मुलं सामाजिक, आर्थिक, राजकीय, वैचारिक असे चार मथळे घालतात आणि प्रत्येकाखाली दोन वाक्यं लिहितात. हा साचा चुकीचा नाही, पण तो मुलाला विचार करायला लावत नाही. मी माझ्याकडच्या मुलांना विचारते, हे सगळं १७८९ मध्येच का झालं, १७६० मध्ये का नाही? विषमता तेव्हाही होती. सरदार आणि धर्मगुरू तेव्हाही बहुतेक करांतून सुटलेले होते. मग तीस वर्षांनीच भडका का उडाला? या प्रश्नाचं उत्तर चार मथळ्यांत सापडत नाही, त्याला साखळी लागते.

ती साखळी अशी. १७७८ पासून फ्रान्स अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडविरुद्ध उतरला आणि कर्जाचा डोंगर वाढला. कर्ज फेडायचं तर कर वाढवायला हवा, आणि गरिबांवर आणखी कर लादायला जागाच उरली नव्हती. १७८७ मध्ये राजाने, म्हणजे सोळाव्या लुईने, बड्या मंडळींना बोलावून त्यांनीही कर द्यावा म्हणून पाहिलं, ते तयार झाले नाहीत. १७८८ च्या जुलैत गारपिटीने उभी पिकं झोपवली, आणि पुढच्या वसंतात पावाचे भाव कडाडले. कर मंजूर करून घ्यायला राजाने एस्टेट्स जनरल ही सभा बोलावली, जी १६१४ नंतर भरलीच नव्हती. ५ मे १७८९ ला ती व्हर्सायला भरली.

पुढचा दुवा बहुतेक वह्यांतून गळालेला असतो, आणि माझ्या मते सगळं त्यावरच फिरतं. सभेत तीन वर्ग होते : पहिला धर्मगुरूंचा, दुसरा सरदारांचा, तिसरा बाकी सगळ्या लोकांचा. तिसऱ्या वर्गाचे प्रतिनिधी सुमारे ६०० होते, पहिल्या दोन वर्गांचे प्रत्येकी सुमारे ३००. आता मतं मोजायची कशी? प्रत्येक वर्गाला एक मत दिलं तर निकाल कायमचा दोन विरुद्ध एक. माणसं मोजली तर दोन्ही बाजू जवळपास सारख्या, आणि धर्मगुरूंमधले गरीब पाद्री या बाजूला सरकले की बहुमत तिसऱ्या वर्गाचं. सहा आठवडे हाच वाद चालला. १७ जूनला तिसऱ्या वर्गाने 'आम्हीच राष्ट्रीय सभा' असं जाहीर केलं. २० जूनला सभागृहाला कुलूप दिसलं म्हणून शेजारच्या टेनिस कोर्टात जमून, संविधान दिल्याशिवाय पांगणार नाही अशी शपथ घेतली. ११ जुलैला राजाने लोकप्रिय अर्थमंत्री नेकर यांना काढलं, पॅरिस बिथरलं, आणि १४ जुलैला बॅस्टिल पडलं. त्या दिवशी तुरुंगात फक्त ७ कैदी होते. लोक तिथे गेले ते मुख्यतः बंदुकीच्या दारूसाठी.

ही साखळी पाठ करायची गरज पडत नाही, कारण प्रत्येक कडीला 'मग काय झालं?' विचारलं की पुढची कडी हाती येते. मुलीला एका पानावर वरून खाली बाण काढत हे लिहू द्या, आणि प्रत्येक बाणाशेजारी एक शब्द : 'म्हणून', 'तरीही', 'त्यामुळे', 'तोवर'. पेपर इंग्रजीत लिहायचा असल्याने हेच शब्द पुढे व्याकरणात कामाला येतात, त्याबद्दल खाली लिहिते. तारखा म्हणाल तर एका धड्याला आठ-दहा पुरतात. वर ज्या आल्या त्या, पुढे २६ ऑगस्टचा मानवी हक्कांचा जाहीरनामा, ऑक्टोबरमधला बायकांचा व्हर्सायवरचा मोर्चा, २१ जानेवारी १७९३ ला राजाचा शिरच्छेद, जुलै १७९४ मध्ये क्रांतीतल्या दहशतीच्या काळाचा नेता रॉब्सपिअर याचा शेवट, नोव्हेंबर १७९९ मध्ये नेपोलियनच्या हाती सत्ता. बाकीच्या तारखा वाचायच्या आणि सोडून द्यायच्या.

एकत्रीकरणाच्या धड्यांना याच रीतीने साखळी लावता येईल, म्हणून त्यावर वेगळं लिहीत नाही. एकच सुचवते : व्हर्साय या जागेचं एक स्वतंत्र पान करा. १७८९ ची सभा तिथे भरली. फ्रान्सला हरवून १८ जानेवारी १८७१ ला जर्मन साम्राज्य जाहीर झालं ते तिथल्या आरसेमहालात, आणि २८ जून १९१९ ला पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीकडून तहावर सही घेतली गेली तीही त्याच दालनात. फ्रान्सने ती जागा का निवडली असेल, हे मुलं न सांगता ओळखतात.

आता तिन्ही विषयांना जोडणारी गोष्ट. एका कागदाला दुसरा चिकटवून लांब पट्टी करा, १७५० ते १८७५, आणि ती भिंतीवर लावा. तीन ओळी आखा : वर युरोपचं राजकारण, मधे संगीत, खाली पुणे आणि मराठी राज्य. तिसरी ओळ अभ्यासक्रमात नाही, पण पुण्याच्या मुलीसाठी ती सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण परक्या तारखा अडकवायला तिच्याकडे ओळखीची खुंटी हवी.

ती पट्टी कशी भरते पाहा. १७५६ मध्ये युरोपात सप्तवार्षिक युद्ध पेटलं आणि त्याच वर्षी जानेवारीत मोझार्ट जन्मला. पानिपत झालं तेव्हा तो पाच वर्षांचाही पुरा झालेला नव्हता. १ मे १७८६ ला व्हिएन्नात त्याचा 'फिगारोचं लग्न' हा ऑपेरा रंगमंचावर आला. त्यात नोकर आपल्या उमराव मालकाला नमवतो. ज्या फ्रेंच नाटकावरून तो रचला त्यावर सोळाव्या लुईने आधी बंदी घातली होती, आणि तीन वर्षांनी बॅस्टिल पडलं. त्या वेळी शनिवारवाड्यात पंधरा वर्षांचे सवाई माधवराव पेशवे होते आणि कारभार नाना फडणवीसांकडे होता. पॅरिसमध्ये गिलोटिन, म्हणजे शिरच्छेदाचं यंत्र, अखंड चालू असताना, फेब्रुवारी १७९४ मध्ये, वानवडीला महादजी शिंदे गेले. शिंदे छत्री तुमच्या मुलीने पाहिलेली असेल. नसेल तर एका रविवारी जाऊन या.

आणि मला सर्वांत आवडणारा दुवा वॉटर्लूचा. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेला हरवलं. दुसरे बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबरला वसईत इंग्रजांशी तह करून बसले. त्यांना गादीवर परत बसवायला एप्रिल १८०३ मध्ये जो इंग्रज सेनापती फौज घेऊन पुण्यात आला त्याचं नाव आर्थर वेलस्ली. सप्टेंबरात त्याने असईला शिंद्यांचा पराभव केला. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८ जून १८१५ ला वॉटर्लूवर नेपोलियनविरुद्ध उभा राहिला. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली आणि शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. हे एकदा कळलं की वॉटर्लूचं साल विसरायला होत नाही.

दोन सावधगिऱ्या मात्र हव्यात. फ्रेंच राज्यक्रांतीच्या उत्तरात पानिपत लिहायचं नाही, ही पट्टी तिच्या डोक्यासाठी आहे, पेपरासाठी नव्हे. आणि दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं समजायचं नाही. फिगारोमुळे क्रांती झाली नाही. पण नोकराने उमरावाला नमवलेलं पाहायला लोक गर्दी करत होते, यावरून हवा कशी होती ते कळतं, आणि एवढं वाक्य उत्तरात लिहायला हरकत नाही.

बीथोवनचं उदाहरण तर इतिहास आणि संगीत दोन्ही वह्यांत हवं. त्याची तिसरी सिंफनी त्याने बोनापार्टच्या नावे करायचं ठरवलं होतं. १८०४ मध्ये नेपोलियनने स्वतःला सम्राट म्हणवून घेतल्याचं कळताच तो भडकला आणि मुखपृष्ठ फाडून टाकलं, अशी आठवण त्याचा शिष्य रीस याने सांगितली आहे. व्हिएन्नात जपलेल्या एका हस्तलिखित प्रतीवर नाव इतकं खरवडलं आहे की कागदाला भोक पडलं आहे. रीस म्हणतो फाडलं, प्रत दाखवते खरवडलं. मुलीला विचारा, दोन्हींपैकी काय जास्त भरवशाचं आणि का? आठवण आणि वस्तू यांतला फरक तिला नववीत कळला तर इतिहासाची पुढची सगळी वर्षं सोपी जातील. १८०५ च्या नोव्हेंबरात त्याचा एकमेव ऑपेरा 'फिडेलिओ' व्हिएन्नात लागला, तेव्हा शहर नेपोलियनच्या सैन्याने घेतलेलं होतं आणि प्रेक्षागृहात फ्रेंच अधिकारी बसले होते. अन्यायाने कोंडलेल्या नवऱ्याला बायको तुरुंगातून सोडवते, अशी त्याची गोष्ट आहे. इटलीच्या धड्याशेजारी इटालियन संगीतकार व्हेर्दी ठेवा. १८४२ मध्ये मिलान ऑस्ट्रियाच्या ताब्यात असताना तिथे त्याचा 'नाबुको' हा ऑपेरा लागला, आणि १८६१ मध्ये एकत्र इटलीच्या पहिल्या संसदेत व्हेर्दी स्वतः सदस्य होता.

संगीताच्या थिअरीत मुलं अडतात ती 'की सिग्नेचर'पाशी, म्हणजे कोणते स्वर शार्प किंवा फ्लॅट घ्यायचे हे ओळीच्या सुरुवातीला दाखवणाऱ्या खुणांपाशी. डी मेजरला दोन शार्प, ए मेजरला तीन, अशी यादी पाठ करतात आणि घाईत उलटसुलट करतात. घरात पेटी असेल तर ही यादी पाठ करूच नका. मेजर स्केल म्हणजे आपला बिलावल थाट, सगळे स्वर शुद्ध. प्रश्न एवढाच की सा कुठे धरलाय. पांढरी एक धरली की सी मेजर, एकही काळी पट्टी नाही. आता सा पांढरी दोनवर धरून सारेगम वाजवा : रे पांढरी तीन, पण ग काळी तीनवर जातो, म पांढरी पाच, प पांढरी सहा, ध पांढरी सात, आणि नी काळी एकवर. दोन काळ्या पट्ट्या लागल्या, एफ शार्प आणि सी शार्प. झाली डी मेजरची की सिग्नेचर. पांढरी पाचवर सा धरला तर एकच काळी लागते, म्हणजे जी मेजर. हे तिने एकदा स्वतः बोटांनी शोधलं की वहीत फक्त 'सा कुठे?' एवढंच लिहावं लागतं.

मायनरचंही तसंच. नॅचरल मायनर म्हणजे आसावरी थाट : ग, ध, नी कोमल. हार्मोनिक मायनरमध्ये नी शुद्ध होतो, म्हणजे किरवाणीचे स्वर. इथे एक गोष्ट मुलीला नक्की सांगा. हे साम्य स्वरांच्या नावांपुरतं आहे. राग म्हणजे स्केल नव्हे, त्याला चलन असतं, वादी-संवादी असतात. शिवाय तानपुऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा किंचित खाली असतो, कारण पियानोत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. कान तयार असलेल्या मुलांना हा फरक खटकतो, आणि कारण माहीत नसलं तर त्यांना वाटतं आपलंच चुकतंय. थिअरीची प्रत्येक नोट तिने आधी गावी, मग वाजवावी, आणि शेवटी पाच रेषांवर हाताने लिहावी. छापील तक्ता चिकटवून उपयोग होत नाही.

व्याकरणाच्या वहीची मात्र पूर्ण तऱ्हाच वेगळी हवी. नियम पुस्तकात आहेत, ते पुन्हा उतरवू नका. इथे चुकांची वही लागते. शाळेच्या वहीत, चाचणीत, निबंधात बाईंनी जे वाक्य लाल केलं ते डाव्या पानावर, बरोबर वाक्य उजव्या पानावर, आणि खाली एका ओळीत 'माझ्याकडून असं का झालं' याचं उत्तर. महिन्याभरात दिसेल की चुका शंभर नाहीत, पाच-सातच आहेत आणि त्याच फिरून येतात. आणि त्यांतल्या बऱ्याच चुका मुलीच्या निष्काळजीपणाच्या नसतात. तिची मराठी व्यवस्थित आहे, म्हणून त्या होतात.

उदाहरणं देते. 'मी दोन वर्षांपासून पियानो शिकतेय' याचं मुलं सरळ 'आय ॲम लर्निंग पियानो सिन्स टू इयर्स' करतात. मराठीत 'पासून' दोन्हीकडे चालतो, सोमवारपासून आणि दोन वर्षांपासून. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स', कालावधी सांगायचा तर 'फॉर'. शिवाय मराठीत साधा चालू वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीत तिथे 'हॅव बीन लर्निंग' लागतं. म्हणजे बरोबर वाक्य 'आय हॅव बीन लर्निंग द पियानो फॉर टू इयर्स'. एका वाक्यात तीन खाचा : काळ, 'फॉर', आणि वाद्यापुढचा 'द'. तिसरी अगदी स्वाभाविक आहे, मराठीत आर्टिकलच नाही.

पॅसिव्हचा घोळ याहून खोल आहे. 'लोकांनी भिंत पाडली' हे मराठी व्याकरणात कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद भिंतीप्रमाणे चालतं. मराठीच्या तासाला मुलगी 'कर्मणी' शिकते, इंग्रजीच्या तासाला कर्मणी म्हणजे पॅसिव्ह असं ऐकते, आणि 'नी' दिसला की 'बाय' लावते. पण इंग्रजीत हे साधं ॲक्टिव्ह वाक्य आहे : 'द पीपल डिमॉलिश्ड द वॉल'. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जाणारं मराठी वाक्य 'भिंत पाडली गेली' किंवा 'पाडण्यात आली' हे. दोन्ही भाषांचे शिक्षक एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. तुम्ही सांगा.

आणि हे सांगताना उदाहरणं इतिहासातली घ्या. 'लुई वॉज एक्झिक्युटेड' हे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे, पण निर्णय कुणी घेतला ते त्यात नाही. 'द नॅशनल कन्व्हेन्शन (तेव्हाची निवडून आलेली सभा) व्होटेड फॉर हिज डेथ' असं लिहिलं की उत्तरात माहिती वाढते. पास्ट परफेक्टसाठी 'व्हेन द विमेन मार्च्ड टू व्हर्साय, द बॅस्टिल हॅड ऑलरेडी फॉलन' यासारखं वाक्य घ्या. आधी काय, नंतर काय, हे तिला माहीत असल्यामुळे 'हॅड' कुठे बसतो ते समजतं. साखळीच्या बाणांवर लिहिलेले ते 'म्हणून', 'तरीही', 'तोवर' इथे 'देअरफोर', 'इव्हन सो', 'बाय देन' होतात. इतिहासाचं एक उत्तर असं लिहिलं की दोन विषयांचा अभ्यास होतो.

रिपोर्टेड स्पीच अवघड जातं त्याचंही कारण मराठीतच आहे. 'ती म्हणाली की मी उद्या येते.' मराठीत 'की' लावला तरी आतलं वाक्य जसंच्या तसं राहतं : 'मी' मीच राहते, काळ तोच, 'उद्या' तोच. इंग्रजीत तिन्ही बदलतात, 'शी सेड दॅट शी वुड कम द नेक्स्ट डे'. म्हणून तिला नियमांचा तक्ता देण्याऐवजी प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारायला लावा : माणूस बदलला का, काळ मागे गेला का, वेळेचा शब्द बदलला का?

तयार नोट्सबद्दल. अप्पा बळवंत चौकात प्रत्येक इयत्तेची गाइडं मिळतात, आणि त्यांतली काही चांगली असतात. एक घ्या, पण ते तिच्या हातात धड्याच्या शेवटी द्या. आधी तिने स्वतः मिटल्या पुस्तकाने लिहावं, मग गाइडातल्या उत्तराशी ताडून पाहावं. मैत्रिणीच्या वहीची झेरॉक्स किंवा मोबाइलवर आलेले फोटो मात्र नकोत. दुसरीच्या लाल अक्षरांत तुमच्या मुलीच्या चुका नसतात.

वेळेचं म्हणाल तर धडा शिकवला त्याच संध्याकाळी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं आणि आठवड्याने पुन्हा दहा मिनिटं, प्रत्येक वेळी आधी कोरा कागद आणि मग वही. प्रिलिमच्या आधीच्या पंधरवड्यात एकही नवीन नोट काढू नये. आत्ताच्या तीन वह्या टाकून देऊ नका. त्यांतला एकेक धडा घ्या, वही तुमच्या हातात धरा, आणि स्वयंपाक करता करता तिला बोलून सांगू द्या. जिथे ती अडेल तिथे पेन्सिलने खूण करा. नवीन वहीची सुरुवात त्या खुणांपासून करा.